तलंगा म्हणून घेतल्या, आरवायला लागल्या! पिल्लांच्या व्यवहारात गावाचा तोटा नेमका कुठे होतो?

मोटारसायकलला जाळीचे पिंजरे बांधून पिल्लंवाला गावात येतो. "गावरान आहेत, सगळ्या माद्या, पाच महिन्यांत अंड्यावर येतील," अशी हाळी देतो. घरातली बाई डब्यात साठवलेले पैसे काढते आणि दहा-बारा पिल्लं घेते. पुढचे दोन-अडीच महिने घारीपासून, मुंगसापासून, मांजरापासून ती पिल्लं राखते. कण्या घालते, रात्री डालग्याखाली झाकते. आणि मग एका पहाटे खुराड्यातून घोगरा, अर्धवट आवाज येतो. तलंग आरवायला लागलेली असते! आठवड्याभरात दुसरी आरवते, मग तिसरी. शेजारीपाजारी हसतात, घरातले पोरं-टोरं हसतात, आणि विषय तिथेच संपतो.

ग्रामीण तालुक्यांतल्या गावांना हा प्रकार काही नवा नाही. पण हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. गेलेले पैसे थोडे असतात, पण गेलेले सहा महिने परत येत नाहीत. शिवाय हा तोटा बहुतेक वेळा घरातल्या ज्या माणसाच्या हातात सगळ्यात कमी पैसा असतो, त्याच्याच पदरात पडतो.

परसातली कोंबडी: छोटा धंदा, मोठा आकडा

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात कोंबड्या आणि इतर कुक्कुट पक्षी मिळून सुमारे ८५ कोटी १८ लाख होते. त्यातले सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले, म्हणजे घराच्या मागे-पुढे पाळलेले. २०१२ च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली. शेड टाकून केलेल्या पोल्ट्रीची चर्चा जास्त होते, पण वाढीचा वेग परसात जास्त दिसला.

याचं कारण गावात कुणालाही सांगता येईल. गावरान अंड्याला आणि गावरान कोंबड्याला बाजारात वेगळा भाव मिळतो. जागा लागत नाही, शेड लागत नाही, दाणा-पाणी घरचंच. पाळणाऱ्यांची संख्या वाढली की पिल्लांची मागणी वाढते. पूर्वी पिल्लं घरच्याच खुडुक कोंबडीखाली निघायची, नाहीतर शेजारणीकडून, पाहुण्यांकडून यायची. आता ती विकत येतात, आणि विकणारा ओळखीचा असेलच असं नाही. ज्याला उद्या परत तोंड दाखवायचं नाही, त्याला खरं सांगायची गरज राहत नाही. दुखणं इथूनच सुरू होतं.

अर्धे नर निघणारच, हे आधी समजून घ्या

कुठल्याही अंड्यातून नर निघण्याची शक्यता साधारण निम्मी आणि मादी निघण्याची निम्मी. माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. कोंबड्यांत उलटं आहे. पिल्लू नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं आणि तेही अंडं तयार होतानाच. अंडं उबवायला ठेवलं तेव्हा आत काय आहे ते ठरून गेलेलं असतं.

त्यामुळे टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते या समजाला आधार नाही. अमुक दिवशी उबवायला ठेवली तर माद्या जास्त निघतात, पिल्लावर दोऱ्याला सुई बांधून धरली की ती कशी हलते त्यावरून कळतं, हेही तसंच. घरच्या कोंबडीखाली बारा अंडी ठेवून दहा पिल्लं निघाली, तर पाच-सहा नर धरूनच चालायचं.

सरकारी किंवा खासगी उबवणी केंद्रातून एक दिवसाची मिश्र पिल्लं घेतली तरी हाच नियम. वनराज, गिरीराज यांसारख्या जातींची पिल्लं साधारणपणे नर-मादी वेगळी न करता मिश्रच विकली जातात. तिथे निम्मे कोंबडे निघाले तर ती फसवणूक नाही. घेणाऱ्याने विचारलं नाही आणि विकणाऱ्याने सांगितलं नाही, एवढंच.

नशीब की फसवणूक? हिशेब सोपा आहे

मग कुणाच्या दहा पिल्लांत सात कोंबडे निघाले तर ते नशीब म्हणायचं की लबाडी?

नाणं दहा वेळा उडवलं तर प्रत्येक वेळी पाच छापा, पाच काटा येत नाही. कधी सहा-चार येतं, कधी सात-तीन. पिल्लांचंही तसंच. मिश्र पिल्लांतून डोळे झाकून दहा उचलली, तर त्यात सात किंवा जास्त नर निघण्याची शक्यता साधारण सहात एक आहे. म्हणजे सहा घरांनी दहा-दहा पिल्लं घेतली, तर त्यातल्या एखाद्या घरी सात कोंबडे निघणं अगदी साधी गोष्ट आहे.

पण दहात नऊ किंवा दहाही नर निघण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. ते एका घरात झालं तर एक वेळ नशीब म्हणता येईल. एकाच पिल्लंवाल्याकडून एकाच दिवशी घेतलेल्या चार-पाच घरांत नऊ-नऊ, दहा-दहा कोंबडे निघाले, तर ते नशिबाने होत नाही. ती पिल्लं आधीच निवडून, माद्या काढून घेऊन आणलेली असतात.

म्हणून कोंबडे निघाले की एकट्याने कपाळाला हात लावण्यापेक्षा आळीत चार घरी विचारून बघावं. एका घराच्या आकड्यावरून काही कळत नाही, पाच घरांचे आकडे एकत्र केले की बरंच कळतं.

नुसती नर पिल्लं गावात येतात कुठून?

हे कळायला मोठ्या पोल्ट्री धंद्याकडे बघावं लागतं. भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचं उत्पादन झालं. यातली मोठी संख्या खास अंड्यांसाठी तयार केलेल्या, पिंजऱ्यात पाळलेल्या कोंबड्यांची. या जातींची पिल्लं उबवणी केंद्रात निघाली की पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे केले जातात. माद्या अंडी देणाऱ्या फार्मवर जातात.

नरांचं काय? ते अंडी देत नाहीत. आणि या जातीचा बांधाच हलका असल्याने ब्रॉयलरसारखं वजनही धरत नाहीत. खाल्लेलं अंगाला लागत नाही. त्यामुळे फार्मवाल्याच्या लेखी या पिल्लाची किंमत जवळजवळ शून्य. जगभर अशी नर पिल्लं निघाल्या दिवशीच मारून टाकली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून या प्रकारावर बंदी घातली, फ्रान्सनेही पुढे तोच मार्ग धरला. तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखून नराची अंडी आधीच बाजूला काढण्याची यंत्रं वापरात आली आहेत.

आपल्याकडे अशी काही पिल्लं अगदी कवडीमोलाने बाहेर विकली जातात. जत्रेत, आठवडी बाजारात गुलाबी, हिरवी, निळी रंगवलेली पिल्लं पोरांसाठी विकायला असतात, त्यात ही पिल्लं असतात. महिनाभर वाढवली की हीच 'गावरान' म्हणून खपवता येतात. ज्याला पिल्लू जवळजवळ फुकट पडलं, तो ते कमी भावात विकूनही नफ्यातच राहतो. स्वस्त भाव बघून घेणारा मात्र फसतो.

दुसरी वाटही आहे आणि ती जास्त साधी आहे. दीड-दोन महिन्यांची पिल्लं विकायला निघतात तेव्हा जाणकार गिऱ्हाईक पहिल्या गावातच चांगल्या तलंगा निवडून घेतं. दुसऱ्या गावात पुन्हा निवड होते. पिंजरा तिसऱ्या-चौथ्या गावात पोचतो तोवर आत बहुतेक नरच उरलेले असतात. विकणाऱ्याने मुद्दाम काही केलेलं नसतं, पण 'सगळ्या माद्या' हे त्याचं वाक्य मात्र बदललेलं नसतं.

एक दिवसाचं पिल्लू ओळखता येतं का?

येतं, पण घरी नाही. पिल्लाच्या विष्ठेच्या जागेतला बारीक फरक बघून नर-मादी ओळखण्याचं कसब जपानी संशोधकांनी शंभरेक वर्षांपूर्वी विकसित केलं आणि १९३० च्या दशकात ते जगभर पसरलं. त्यासाठी मोठा सराव लागतो. नवख्याने दाबून बघितलं तर पिल्लाला इजा होते, कधी पिल्लू दगावतंही.

दुसरी पद्धत पंखांच्या पिसांवरून. मादीची पंखाची पिसं एकाआड एक लांब-आखूड आणि नराची सारख्या लांबीची, असं सांगितलं जातं. पण हा फरक फक्त मुद्दाम तशा तयार केलेल्या वाणांत दिसतो आणि तोही पहिल्या एक-दोन दिवसांतच. गावरान पिल्लावर ही युक्ती चालत नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ हे सांगायला विसरतात.

थोडक्यात, एक दिवसाच्या गावरान पिल्लाबद्दल कुणी छातीठोकपणे 'ही मादीच' म्हणत असेल, तर त्याच्या बोलण्यावर पैसे देऊ नयेत.

कोंबडा की तलंग: कुठल्या वयात काय बघायचं?

तीन-चार आठवडे: काही पिल्लांचा तुरा जरा मोठा, गुलाबीसर दिसायला लागतो. हा नुसता अंदाज. यावर व्यवहार करू नये.

सहा-आठ आठवडे: नराचा तुरा आणि गळ्याखालचं लोंबतं कातडं लाल होऊ लागतं. पाय जाड दिसतात. उभं राहणं ताठ. तलंगेचा तुरा अजून लहान आणि फिकट असतो. इथे बऱ्यापैकी ओळखता येतं, पण चूकही होते.

दहा-बारा आठवडे: आता पिसं बघायची. शेपटीच्या अगोदर, पाठीच्या मागच्या भागात नराला लांब, निमुळती, टोकदार, चकाकणारी पिसं येतात आणि ती दोन्ही बाजूंना लोंबतात. मानेवरची पिसंही तशीच टोकदार. शेपटीत वाकलेली पिसं दिसू लागतात. तलंगेची पिसं याच जागी गोलसर टोकाची असतात. ही खूण सगळ्यात भरवशाची.

आरवणं: साधारण दोन ते चार महिन्यांत सुरू होतं. पण कळपात एखादा दांडगा कोंबडा असेल तर बाकीचे नर दबून राहतात, आरवत नाहीत. दांडगा विकला की दुसऱ्या दिवशी 'तलंग' आरवते. म्हणून आरवत नाही म्हणजे मादीच, असं धरू नये.

जातीप्रमाणे काही फरक लक्षात ठेवावे लागतात. कडकनाथचा तुरा काळपट असतो, त्यामुळे लाल रंगाची वाट बघू नये, तुऱ्याचा आकार आणि पाठीची पिसं बघावीत. असीलचा तुरा नरातही लहान असतो, तिथेही पिसंच बघावीत. उघड्या मानेच्या कोंबड्यांत मानेची पिसं मिळणार नाहीत, पाठीची बघावीत. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये मादीचाही तुरा मोठा आणि लाल होतो, त्यामुळे नुसत्या तुऱ्यावरून तिला कोंबडा ठरवू नये.

आणि एक गैरसमज. अंडी देत असलेली जुनी कोंबडी क्वचित आरवायला लागते. काही ठिकाणी याला अपशकून मानतात. खरं कारण शरीरातलं आहे. कोंबडीला डाव्या बाजूचं एकच अंडाशय कामाचं असतं. ते आजाराने बिघडलं तर अंडी बंद होतात, तुरा वाढतो, कधी ती आरवतेही. त्यात अशुभ काही नाही. पण ती परत अंड्यावर येईल ही आशाही फारशी धरू नये.

कागदावर तोटा दिसत नाही, घरात दिसतो

"कोंबडे निघाले तर बिघडलं काय? कोंबड्याला उलट जास्त पैसे येतात," असं घरातले कर्ते म्हणतात. यात थोडं तथ्य आहे, म्हणून हिशेब मांडून बघू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापल्या बाजाराचा भाव घालून प्रत्येकाने पडताळून बघावं.

समजा बारा पिल्लं घेतली, दहा जगली. सगळ्या माद्या निघाल्या असत्या आणि प्रत्येक गावरान कोंबडीने वर्षाला ६० अंडी दिली असती, तर ६०० अंडी. दहा रुपयांनी अंडं धरलं तर ६,००० रुपये. प्रत्यक्षात निघाल्या तीन माद्या आणि सात कोंबडे. अंडी १८०, म्हणजे १,८०० रुपये. सात कोंबडे ५०० रुपयांनी गेले तर ३,५०० रुपये. एकूण ५,३०० रुपये. फरक फक्त ७०० रुपयांचा.

मग तोटा कुठे आहे?

पहिलं, कोंबडा एकदाच विकला जातो. कोंबडी दुसऱ्या वर्षीही अंडी देते आणि खुडुक बसली की पिल्लंही काढते. सात कोंबडे विकले की त्या बाजूचा धंदा तिथेच संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लंवाल्यापुढे उभं राहावं लागतं.

दुसरं, वाण जास्त अंडी देणारा असेल तर हिशेब पूर्ण बदलतो. वर्षाला १५० अंडी देणारी कोंबडी धरली, तर दहा माद्यांची १,५०० अंडी आणि तीन माद्यांची ४५०. दहा रुपयांनी धरलं तरी १०,५०० रुपयांची अंडी गेली. ती सात कोंबड्यांतून भरून निघत नाहीत. आणि कोंबडे हलक्या बांध्याचे पांढरे निघाले, तर त्यांना गावरान कोंबड्याचा भावही मिळत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. दहा कोंबड्यांची अंडी म्हणजे आठवड्याला अकरा-बारा. त्यातली चार पोरांच्या ताटात जातात, बाकीची विकून तेल-मीठ, वहीपेन, गटाचा हप्ता निघतो. हा पैसा थोडा थोडा येतो आणि बाईच्याच हातात राहतो. कोंबड्याचा पैसा एकदम येतो. व्यापारी दारात आला की व्यवहार बहुतेक वेळा घरातला पुरुष करतो. किंवा पाहुणे येतात, जत्रा येते, आणि कोंबडा विकलाही जात नाही. राखणीचे सहा महिने बाईचे, आणि शेवटी डब्यात काहीच नाही.

पोरांच्या ताटातल्या अंड्याला हल्ली वेगळं महत्त्व आलं आहे. राज्यात २०२३ च्या शेवटी शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्यायचं असेल तर द्यावं, असं सांगितलं. अशा वेळी घरच्या खुराड्यातून येणारी चार अंडी गरिबाच्या घरात छोटी गोष्ट राहत नाही.

सरकारी गट मिळाला असेल तर

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ५० टक्के अनुदानावर दोन प्रकारचे गट दिले जातात. एक, एक दिवसाच्या १०० पिल्लांचा गट. दुसरा, तलंगांचा गट, ज्यात २५ माद्या आणि ३ नर असतात.

एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादीची खात्री नसते, हे धरूनच अर्ज करावा. जागा आणि राखण असेल, नर मांसासाठी विकायची तयारी असेल, तर हा गट चांगला. घरात अंडी हवी असतील, माणसं कमी असतील, तर तलंगांचा गट बरा.

तलंगांच्या गटात मात्र आकडा ठरलेला आहे. साधारण आठ-दहा आठवड्यांचे पक्षी असतात, म्हणजे ओळखण्यासारख्या वयात आलेले. ताब्यात घेतानाच मोजून, एकेक पक्षी बघून घ्यावा. शंका असेल तर तिथेच हजर असलेल्या कर्मचाऱ्याला दाखवावं आणि कमी-जास्त असेल ते पोचपावतीवर लिहून घ्यावं. सही केली, गाडी गेली, की मग २५ माद्यांतल्या दहा आरवायला लागल्या तरी सिद्ध करणं अवघड होतं. तक्रार पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात पशुधन विकास अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

विकत घेताना काय करावं?

एक, वय बघून घ्यावं. अंड्यांसाठीच घ्यायच्या असतील तर दहा-बारा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात. भाव जास्त पडतो. पण निम्मे कोंबडे पाळून वाढवण्यापेक्षा आणि अडीच महिने घारीची राखण करण्यापेक्षा तो परवडतो. लहान पिल्लं घ्यायची तर जेवढ्या माद्या हव्यात त्याच्या दुप्पट घ्यावीत आणि नर विकायचा हिशेब आधीच मनात धरावा.

दोन, निवड स्वतः करावी. विकणाऱ्याला पिंजऱ्यातून काढून देऊ देऊ नये. आणि पिंजरा याआधी किती गावं फिरून आला, हे विचारावं. रंगवलेली पिल्लं गावरान म्हणून अजिबात घेऊ नयेत. रंग अंगावर उठून दिसायला मूळ लव पिवळी-पांढरी लागते, आणि तशी पिल्लं बहुतेक फार्मची असतात.

तीन, पावती घ्यावी. पावतीवर 'मादी पक्षी, इतके नग, इतके वय' असं लिहून घ्यावं. पावती देत नसेल तर निदान पैसे ऑनलाइन द्यावेत, गाडीच्या नंबरचा फोटो काढून ठेवावा. 'मादी' हा शब्द लिहायला जो तयार होत नाही, त्याला स्वतःलाच खात्री नाही, हे समजावं.

चार, नवी पिल्लं दोन आठवडे जुन्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत. कुठून आली हे माहीत नसलेल्या पिल्लांबरोबर मानमोडीसारखा रोग येतो आणि मग नर-मादीचा प्रश्नच उरत नाही, सगळं खुराडं रिकामं होतं. लसीकरणाचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं.

पावती असेल तर कायद्याचाही आधार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तूही ग्राहकाच्या हक्कात येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. हजार रुपयांच्या पिल्लांसाठी एकटं कुणी तिथे जाणार नाही, हे खरं. पण बचत गटाने एकत्र घेतलेली शंभर पिल्लं असतील तर गोष्ट वेगळी.

कोंबडे निघालेच, आता काय?

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. आणि तोही पिल्लं काढायची असतील तरच. नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालतो. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत.

जादा कोंबडे ठेवले तर ते आपसात भांडतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात, दाणा संपतो. त्यांना वेगळं ठेवून वजन धरू द्यावं आणि मागणीचा दिवस साधून विकावं. आषाढ अमावस्येच्या आधीचा आठवडा, शिमगा, गावची जत्रा, या दिवसांत गावरान कोंबड्याला चांगली मागणी असते. श्रावण लागला की मागणी उतरते. म्हणजे माघ-फाल्गुनात निघालेली पिल्लं आषाढापर्यंत विकण्याजोगी होतात. विकताना नगावर न देता काट्यावर वजन करून द्यावा. अंदाजाने नग उचलणारा व्यापारी नेहमी स्वतःच्या फायद्याचाच अंदाज करतो.

आणि जो एक कोंबडा ठेवायचा, तो घरच्याच कोंबड्यांचा नसावा. शेजारच्या गावातल्या ओळखीच्या घराशी दरवर्षी कोंबडा बदलून घ्यावा. नात्यातल्या जोड्यांतून पिल्लं कमकुवत निघतात.

गावाचा पिल्लंवाला गावातच हवा

या सगळ्याच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. पिल्लू खरं काय आहे हे अडीच महिन्यांनी कळतं, आणि विकणारा अर्ध्या तासात गाव सोडून गेलेला असतो. विकणारा तालुक्यातलाच असेल, त्याच्याकडे पुढच्या वर्षीही जायचं असेल, तर तो 'सगळ्या माद्या' असं सहजासहजी म्हणणार नाही.

राष्ट्रीय पशुधन अभियानात गावठी कुक्कुटपालनाचे मातृपक्षी आणि उबवणी केंद्र उभारायला ५० टक्के, जास्तीत जास्त २५ लाख रुपये भांडवली अनुदान आहे. त्यासाठी किमान एक हजार मातृपक्षी लागतात. एकट्या कुटुंबाला हे जड आहे. पण तालुक्यातल्या महिला गटांच्या संघाला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला ते आवाक्याबाहेरचं नाही. अशा केंद्रातून तलंगा वयात आल्यावर, पावतीवर 'मादी' लिहून विकल्या, नर वेगळे वाढवून आषाढात काढले, तर दोन्हीला भाव मिळतो.

तोवर काम घेणाऱ्यालाच करायचं आहे. पुढचा पिल्लंवाला दारात आला की आधी त्याला एवढंच विचारावं: "मादी म्हणून लिहून देता का?" तो नाही म्हणाला तर पिल्लं निम्म्या माद्या धरूनच घ्यावीत, आणि भावही तसाच द्यावा.